माणूस सापडला, आता पैसे परत द्या

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

महोदय,

आरोपी तारखेला आला नाही तर कोर्टात त्याला जामीन राहिलेल्या माणसाचा मुचलका जप्त करून सरकार रक्कम वसूल करतं. पुढे तो आरोपी हजर झाला किंवा पकडला गेला, तर ही रक्कम जामीनदाराला परत मिळावी अशी तरतूद महाराष्ट्राने करावी. मागणी एवढीच आहे. पुढचं पत्र ती का करतो हे सांगण्यासाठी. ते लांबलं तर तालुक्याच्या वकिलाची सवय म्हणून चालवून घ्या.

हा विषय आपल्या टेबलावर आपण होऊन येणार नाही. जामीनदारांची संघटना नाही, त्यांचा मोर्चा निघत नाही. पंचवीस हजार भरावे लागलेला माणूस गावात कुणाला ते सांगतसुद्धा नाही, कारण ज्याच्यासाठी भरले तो बहुधा भावकीतलाच असतो आणि बोभाटा केला तर शोभा आपलीच. आमदाराकडे लोक रस्ता, जळालेली डीपी, अडकलेला पीकविमा घेऊन जातात. ‘साहेब, माझा मुचलका जप्त झाला’ असं म्हणत कुणी गेलेलं माझ्या ऐकिवात नाही.

मंत्रालयातून तालुक्याच्या कोर्टाचं आवार दिसत नाही, म्हणून जामीन प्रत्यक्षात कसा होतो ते आधी सांगतो. आदेश दोन ओळींचा असतो: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. तो मिळवायला वकिलाला दहा मिनिटं पुरतात. खरी धावपळ त्यानंतर सुरू होते. ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याच्या आधार कार्डावरचा आणि रेशनकार्डावरचा पत्ता एकमेकांशी जुळतो आणि जो हातातलं काम टाकून आज दुपारच्या आत येईल असा माणूस शोधायचा. काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखलाही लागतो. मग तो साहेबांपुढे उभा राहतो. आरोपीला ओळखता का, कधीपासून, आणखी कुणाला जामीन आहात का, असे प्रश्न होतात. शेवटी जामीनकतबा पुढे येतो आणि कारकून बोट ठेवेल तिथे तो सही करतो. आपण पोराच्या ओळखीची खात्री दिली, असं त्याला वाटत असतं. पोरगा तारखेला आला नाही तर एवढे रुपये सरकारजमा करीन, असं त्याने लिहून दिलेलं असतं.

थोरामोठ्यांच्या बाबतीत हे सोपं असतं. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी लोकमान्यांना जामीन दिला, तेव्हा मुंबईचे शेठ द्वारकादास धरमसी पुढे झाले. गरिबाला शेठ मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो चालला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम हजारावर आणली. तेव्हापासून आजवर जामीन मिळूनही जामीनदाराअभावी तुरुंगात राहणाऱ्यांविषयी पुष्कळ बोललं गेलं आणि थोडं केलंही गेलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जामीन मिळाल्यापासून महिनाभरात कागद पुरे झाले नाहीत तर कोर्टाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा आणि स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह धरू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा चाळीस हजारांपर्यंत मदतीची सोय होती. (उद्या असा एखादा पळाला तर सरकारने भरलेली अनामत सरकारच जप्त करून सरकारी तिजोरीत भरेल, हा मजेचा भाग सोडा.) आत अडकलेल्याचा विचार निदान सुरू झाला आहे. त्याला बाहेर काढायला जो पुढे आला, त्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही थेट कर्नाटकात. बांधावरच्या मारामारीची केस अंगावर असलेला एक पोरगा अशाच एका टोळीबरोबर गेला. चुलता त्याला पंचवीस हजारांना जामीन होता. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता सोडून तारखेला यायचं तर मुकादम खाडा धरणार आणि एसटीचं भाडं वर. तारखा चुकल्या. आधी साधं वॉरंट निघालं, मग अजामीनपात्र. ते बजावायला गेलेल्या हवालदाराने घराला कुलूप असल्याचा रिपोर्ट दिला. मुचलका जप्त झाला आणि चुलत्याला कारणे दाखवा नोटीस आली.

चुलता वकिलाशिवाय आला. वकील म्हणजे आणखी खर्च, हे त्याचं गणित चूक नव्हतं. नोटिशीला लेखी उत्तर देता येतं, मुदत मागता येते, पोरगा कुठल्या कारखान्यावर आहे ते सांगून त्याला आणायला वेळ घेता येतो, रक्कम कमी करा अशी विनंती करता येते. यातलं त्याला काही माहीत नव्हतं. पुकारा झाला, पैसे भरता का असं विचारलं गेलं, तो भरतो म्हणाला. रोजनाम्यात तेवढंच आलं. पुढच्या आठवडे बाजारात त्याने दुभती गाय विकली, कमी पडले ते मेहुण्याकडून आणले आणि कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे पंचवीस हजार भरून पावती घेतली. कार्बनची अक्षरं उडतात हे त्याला ठाऊक असावं, कारण कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती त्याने लॅमिनेट करून घेतली.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि पोरगा गावात आला. चुलत्याने त्याला दुसऱ्याच दिवशी धरून कोर्टात उभं केलं. वॉरंट रद्द झालं, नवा जामीन झाला, खटला पुढे चालला आणि काही काळाने लोकअदालतीत दोन्ही बाजूंनी मिटवलासुद्धा. चुलता माझ्याकडे आला तो त्यानंतर. लॅमिनेट केलेली पावती टेबलावर ठेवून म्हणाला, “माणूस सापडला न्हवं साहेबांना? मंग आमचं पैसं कशापायी ठिवलं?”

मी त्याला जे समजावलं ते कायद्याने बरोबर होतं आणि बोलताना मलाच ते पटत नव्हतं. दंडाधिकाऱ्याच्या या आदेशावर सत्र न्यायालयात अपील करता येतं, पण ती मुदत केव्हाच टळली होती. ज्या कोर्टाने पैसे भरायला लावले त्याला स्वतःचा अंतिम आदेश फिरवता येत नाही, कायद्यानेच तसं बांधून ठेवलं आहे. राहिलं उच्च न्यायालय. तिथे जायला हरकत नव्हती, पण त्या खर्चात दुसरी गाय आली असती.

त्याच कोर्टात साधारण त्याच सुमारास दुसऱ्या एका जामीनदाराचं प्रकरण होतं. त्याने नोटीस घ्यायचंच टाळलं. शेवटी वसुलीचं वॉरंट निघालं. जप्त मुचलक्याची रक्कम दंडासारखी वसूल करतात, म्हणजे काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसूल खात्याकडे जातं. तिथे तो कागद तहसीलच्या कपाटात स्वस्थ पडला. मधल्या काळात एका नाकाबंदीत त्याचा आरोपी पोलिसांच्या हाती लागला. जामीनदाराने ताबडतोब वकील देऊन अर्ज केला: आरोपी हजर आहे, कोर्टाचं काम अडलेलं नाही, दया व्हावी. कोर्टाने कारणं नोंदवून वीस हजारांचे दोन हजार केले. यात काही वावगं झालं असं मी म्हणणार नाही. कायदा तशी मुभा देतो आणि न्यायाधीशांनी ती योग्य वापरली.

आता दोघांना शेजारी उभं करा. दोघांनी एकच हमी दिली, दोघांचे आरोपी चुकले, दोघांचेही सापडले. एकाने कोर्टाचा शब्द खाली पडू न देता पैसे भरले, त्याचे पंचवीस हजार गेले. दुसऱ्याने टाळाटाळ केली, त्याचं दोन हजारांत भागलं.

ही विषमता न्यायाधीशाच्या लहरीतून आलेली नाही, कलमाच्या रचनेतून आली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४६ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९१ झालं. आकडा बदलला, आशय तोच राहिला. मुचलक्याचा भंग झाल्याची खात्री पटली की कोर्टाने कारणं नोंदवायची आणि जामीनदाराला म्हणायचं, रक्कम भर किंवा का भरू नये ते सांग. समाधानकारक उत्तर नाही आणि पैसेही नाहीत, तर दंडाप्रमाणे वसुली. तीही होत नसेल तर जामीनदाराला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, हे अनेक वकिलांनाही लगेच आठवत नाही. या साखळीत एक दार ठेवलं आहे: कोर्ट कारणं देऊन रकमेचा कोणताही भाग माफ करू शकतं आणि उरलेलीच वसूल करू शकतं. पण शब्दरचना अशी की हे दार वसुली व्हायच्या आधीच उघडं असतं. एकदा पैसे भरले की माफ करायला काही उरतच नाही आणि परत द्या असं म्हणणारं पोटकलम नाही. गंमत बघा, मुचलका जप्त होण्याआधी जामीनदार मेला तर त्याची मालमत्ता या जबाबदारीतून मोकळी होते, तेवढी काळजी कायद्याने घेतली आहे. जिवंत राहून पैसे भरणाऱ्याचं राहून गेलं.

महोदय, भरलेले परत नाहीत आणि न भरलेले माफ, ही रेघ या देशात पूर्वीही एकदा ओढली गेली आहे, आणि तिच्यासाठीच मी आपल्याला हे पत्र लिहायला बसलो.

५ मार्च १९३१ रोजी दिल्लीत गांधी–आयर्विन करार झाला. शाळेच्या पुस्तकात त्यातलं मिठाचं आणि कैद्यांच्या सुटकेचं तेवढं येतं. पण त्या करारात पैशांविषयीही कलमं होती. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ज्यांना दंड झाले आणि ते वसूल व्हायचे होते, त्यांचे दंड माफ झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेखाली ज्यांचे जामीन जप्त झाले पण रक्कम अजून सरकारच्या हाती पडली नव्हती, त्यांनाही माफी मिळाली. मात्र दंड असो वा कोणत्याही कायद्याखाली जप्त केलेला जामीन, एकदा वसूल झालेली रक्कम परत मिळणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. साराबंदीत जप्त झालेल्या जमिनींचंही तसंच: सरकारकडे शिल्लक असतील त्यांचा विचार होईल, तिसऱ्याला विकल्या गेल्या असतील तर तो व्यवहार पक्का.

परक्या सरकारचा यातला हिशेब कळण्यासारखा आहे. वाटाघाटीत कागदावरचं येणं सोडणं परवडतं, तिजोरीत पडलेलं परत काढणं म्हणजे चूक कबूल करणं. चळवळीतल्या लोकांना मात्र त्यातला अन्याय ताबडतोब दिसला. ज्याची भांडी पोलिसांनी उचलून लिलावात काढली त्याला काही नाही, आणि ज्याच्या घरी पोलीस अजून पोचलेच नव्हते तो सुटला.

पुढचं आपल्या खात्याला ठाऊक असायला हवं, कारण ते मुंबईच्याच विधिमंडळात घडलं. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि महसूल खातं मोरारजी देसाईंकडे गेलं. १९३१ चा करार ज्यांना अंतिम म्हणाला होता त्या जमिनींचा प्रश्न या सरकारने अंतिम मानला नाही. १९३८ मध्ये जप्त जमिनी परत देण्याचा कायदा केला. बारडोली–खेडा भागातल्या शेतकऱ्यांच्या आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कारवार जिल्ह्यातल्या अंकोला–सिद्धापूरकडच्या रयतेच्या जमिनी मूळ मालकांकडे आल्या. व्यवहार पक्का झालाय, कागद पूर्ण आहेत, नवा मालक नांगर धरून उभा आहे, असली सगळी उत्तरं त्या सरकारकडेही तयार असतील. तरी त्यांनी कायदा केला. आणि तो पूर्ण स्वराज्याचा काळ नव्हता, डोक्यावर गव्हर्नर होता.

चळवळीतला सत्याग्रही आणि बांधावरच्या मारामारीतला आरोपी एकाच पंगतीत बसवता येत नाहीत, हे मला कळतं. जामीनदाराने दिलेला शब्द मोडला हेही खरं आहे. मी तुलना करतोय ती सरकारच्या दोन वृत्तींची. घेतलं ते घेतलं, ही एक. ज्यासाठी घेतलं ते कारण उरलं नाही तर परत द्यावं, ही दुसरी. महाराष्ट्र राज्य वारसा कुणाचा सांगतं, हे मी आपल्याला सांगायला नको.

आक्षेप मला पाठ आहेत. विरुद्ध बाजूने उभं राहून मीच ते घेतले आहेत.

पहिला आक्षेप असा की पैसे परत मिळतात म्हटल्यावर जामीनदार ढिले पडतील. मला उलट दिसतं. आज मुचलका जप्त होऊन रक्कम भरली की जामीनदाराचा त्या आरोपीशी संबंध संपतो. पोरगा सुरतेत आहे की चाकणला, हे त्याला कळलं तरी तो कशाला सांगेल? त्याला हवालदारासोबत गाडी करून जायला काय पडलंय? आरोपी आणलास तर पैसे परत, असं म्हणून बघा. पोलिसांना जो पत्ता वर्षभर सापडत नाही तो भावकीत चार फोन केल्यावर सापडतो. फरारी आरोपींमुळे किती खटले खितपत पडतात हे आपल्याकडे येणाऱ्या तक्त्यांतून आपल्याला दिसतच असेल. यातल्या निम्म्यांचा ठावठिकाणा त्यांच्या जामीनदाराला माहीत असतो, असं मी पैजेवर सांगेन.

दुसरा आक्षेप बोगस जामीनदारांचा. मोठ्या शहरांतल्या कोर्टांबाहेर खोट्या रेशनकार्डावर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर जामीन राहणारे लोक असतात, टोळ्या पकडल्याच्या बातम्याही येतात. म्हणूनच जामीनदाराने आणखी किती जणांना जामीन आहे ते लिहून देण्याची अट कायद्यात आली. पण जरा विचार करा, बोगस जामीनदाराकडून वसुली होते का? नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते आणि तिथे असा कुणी राहत नसतो. पैसे भरायला येतो तो खरा सातबारेवाला, खऱ्या पत्त्यावर राहणारा, तलाठ्याला तोंड दाखवावं लागणारा. परताव्याचा फायदा झालाच तर यालाच होईल. बोगसाने काही भरलेलंच नसतं, त्याला परत काय द्यायचं?

तिसरा आक्षेप हिशेबाचा, आणि वित्त विभाग तो नक्की घेईल: रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत गेली, आता ती काढायची कशी? एकत्रित निधीतून पैसा विधिमंडळाच्या मंजुरीने काढतात, हे मला ठाऊक आहे. पण जास्तीची घेतलेली स्टॅम्प ड्युटी सरकार परत करतंच ना? कोर्ट फीसुद्धा लोकअदालतीत तडजोड झाली की परत मिळते. परताव्याची वाट आपल्या हिशेबखात्याला अनोळखी नाही.

बाहेरचा दाखला द्यायचा तर अमेरिकेचा देता येईल, जरा बिचकत देतो. तिथे जामीन राहणं हा कंपन्यांचा धंदा आहे आणि तो आपल्याकडे येऊ नये अशी माझी इच्छा आहे. पण त्यांच्या संघीय फौजदारी नियमांत स्पष्ट लिहिलंय की जामीनदाराने आरोपीला नंतर हजर केलं तर कोर्ट जप्ती रद्द करू शकतं, आणि जप्तीचा हुकूमनामा झाल्यावरही रक्कम पूर्ण किंवा अंशतः माफ करू शकतं. कॅलिफोर्नियात जप्तीनंतर साधारण १८० दिवसांत आरोपी आला तर जप्तीच उठते. धंदेवाईक कंपनीला जी सवलत मिळते, ती आपल्याकडे गाय विकणाऱ्या चुलत्याला नाही.

आणखी एक बाब याच नाझरच्या खोलीतली आहे म्हणून इथेच सांगून टाकतो. जामीनदार न मिळाल्यास काही वेळा कोर्ट रोख अनामत घेतं. खटला संपला, आरोपी सुटला, की ती परत मिळायला हवी आणि कायद्याने मिळतेही. पण अर्ज करावा लागतो, मूळ पावती जोडावी लागते, बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. निकालाच्या दिवशी सुटलेला माणूस पेढे घेतो आणि घरी जातो. अनामत त्याच्या आईने कानातलं गहाण टाकून भरलेली असते आणि पावती कुठल्या डब्यात आहे ते कुणालाच माहीत नसतं. कुणी मागायला आलं नाही की काही वर्षांनी ती ठेव व्यपगत म्हणून सरकारजमा होते. नंतरही मागता येते, पण तेव्हा प्रकरण महालेखापालांपर्यंत जातं आणि पाच हजारांसाठी तो खटाटोप करणारा मी पाहिलेला नाही. ही जप्ती नव्हे. विसराळूपणावर चाललेली जमा आहे. इथे कायदा बदलायचीही गरज नाही. निकालपत्राच्या शेवटी ‘अनामत रक्कम अमुक, पावती क्रमांक तमुक, अर्जाविना खात्यात परत करावी’ अशी एक ओळ आणि अनामत घेतानाच खाते क्रमांक लिहून घेणं, एवढं उच्च न्यायालयाला विनंती करून होण्यासारखं आहे. पुढच्या तारखेचा एसएमएस पक्षकाराला जातो, अनामतीचाही जाऊ शकेल.

आता मूळ मागणीकडे. फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्य विधिमंडळाने दुरुस्ती करायची आणि राष्ट्रपतींची संमती घ्यायची, ही वाट महाराष्ट्राने आधी चोखाळली आहे. १९९३ मध्ये अटकपूर्व जामिनाच्या कलमात आपण स्वतःचा बदल केलाच होता. कलम ४९१ मध्ये पुढच्या आशयाचं एक पोटकलम घालावं, असं मी सुचवतो. भाषा आपले विधी सल्लागार सुधारतील.

‘मुचलक्याची रक्कम पूर्ण किंवा अंशतः भरली अथवा वसूल झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत आरोपी न्यायालयासमोर हजर झाला किंवा त्याला हजर करण्यात आलं, तर न्यायालय जामीनदाराच्या अर्जावरून किंवा स्वतःहून, कारणं नोंदवून, त्या रकमेचा संपूर्ण किंवा काही भाग जामीनदाराला परत करण्याचा आदेश देऊ शकेल. असा आदेश देताना जामीनदाराने आरोपीला हजर करण्यासाठी केलेली मदत, झालेला विलंब, त्यामुळे साक्षीदारांना व फिर्यादीला झालेला त्रास आणि जामीनदाराची आर्थिक स्थिती न्यायालय विचारात घेईल.’

दोन वर्षं का, असं विचाराल. ऊसतोडीचा, वीटभट्टीचा, परराज्यातल्या मजुरीचा एक पूर्ण फेरा आणि वर थोडा अवधी त्यात बसतो. दहा वर्षांनी सापडलेल्या आरोपीच्या जामीनदाराने पैसे मागावेत, असं मलाही वाटत नाही. सगळी रक्कम परत द्या असंही म्हणत नाही. फिर्यादी आणि साक्षीदार तारखेला येऊन हात हलवत गेले असतील तर त्यांचा भाडेखर्च त्यातून खुशाल कापून घ्या, किंबहुना तो त्यांना द्या, आज त्यांनाही काही मिळत नाही.

दुरुस्तीला वेळ लागेल, संमतीला त्याहून जास्त. तोवर एका शासन निर्णयाने सानुग्रह परतावा सुरू करता येईल. ज्या कोर्टात खटला चालला त्याचा रोजनामा आणि भरल्याची पावती पाहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने शिफारस करायची आणि आपल्या खात्याने रक्कम द्यायची. मुचलका जप्तीच्या नोटिशीवर मराठीत चार ओळी छापायच्या: तुम्ही लेखी उत्तर देऊ शकता, मुदत मागू शकता, रक्कम कमी करण्याची विनंती करू शकता, मोफत वकील मिळू शकतो. हे तर उद्यापासून करता येईल, छपाईचा खर्च सोडून दुसरा खर्च नाही.

खर्च किती येईल हे आपण विचारणारच. ते आपणच काढू शकता. प्रत्येक नाझरच्या वहीत जप्त मुचलक्यांची भरणा झालेली रक्कम असते आणि प्रत्येक खटल्याच्या रोजनाम्यात आरोपी पुन्हा हजर झाल्याची तारीख असते. या दोन नोंदी जिल्हावार शेजारी ठेवून मागच्या पाच वर्षांचा तक्ता येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावा. वसूल झालेली एकूण रक्कम, त्यातल्या किती प्रकरणांत आरोपी पुढे सापडला आणि त्यांपैकी किती जामीनदारांना एक रुपया तरी परत मिळाला, एवढे तीन रकाने पुरेत. तिसऱ्या रकान्यात काय येईल याचा माझा अंदाज मी इथे लिहीत नाही, तक्ता आला की बोलू.

कळावे,

आपला,
तालुका न्यायालयातला एक वकील